संध्याकाळचे सात: वॉटर्लूच्या मॉडेलचं प्रकरण

लंडनच्या चेल्सी भागातल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये वॉटर्लूच्या, म्हणजे नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला त्या रणांगणाचं एक जुनं मॉडेल आहे. प्रत्येक बाजू सहा मीटरच्या आतबाहेर. त्यावर कथील-शिशाच्या ७० हजारांहून जास्त फिगर्स, एकेक जेमतेम १० मिलिमीटर उंच. शेतं, बांध, वाड्यासारखी फार्महाउसं, खोलगट रस्ते, सगळं हाताने केलेलं. विल्यम सायबॉर्न नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३० मध्ये हे काम हाती घेतलं आणि १८३८ मध्ये ते लोकांपुढे आलं. लोक तुटून पडले. करणारा मात्र कर्जात बुडाला आणि वरिष्ठांच्या मनातून उतरला. शेवटी स्वतःच्याच मॉडेलवरून एका सैन्याचा मोठा भाग उचलून घेण्याची वेळ त्याच्यावर आली.

युद्धाचे डायोरामा, म्हणजे छोट्या फिगर्सचे देखावे, करणारे आपण लोक चिखलाचा पोत कसा आणायचा, गंज कसा चढवायचा, स्टॅटिक ग्रास (नकली गवत) कुठली चांगली, यावर तासन्‌तास बोलतो. बेसवर नेमका कुठला क्षण मांडायचा हे मात्र चहा संपायच्या आत ठरवून टाकतो. सायबॉर्नचा घोळ झाला तो तिथेच. त्याची कारागिरी कुणी नावं ठेवावी अशी नव्हती. त्याने निवडलेल्या वेळेने त्याचा घात केला, असं माझं मत आहे. ते पटतं का, हे पुढचं वाचून ठरवा.

माणूस आणि जमीन

सायबॉर्नचा जन्म १७९७चा. वडीलही सैन्यात होते. १८१३ मध्ये निव्हेलच्या लढाईत झालेल्या जखमांनी ते गेले. मुलगा वॉटर्लूला नव्हता. १८ जून १८१५ला लढाई आटोपली आणि हा फ्रान्समध्ये पोचला तो नंतर, ताबा घेणाऱ्या फौजेबरोबर. त्याची खरी ओळख नकाशेवाला म्हणून. जमिनीचे चढउतार मोजून कागदावर कसे उतरवायचे, यावर त्याने १८२२ आणि १८२७ मध्ये पुस्तकं लिहिली होती. १८३० मध्ये सरसेनापती लॉर्ड हिल यांनी त्याला वॉटर्लूचं मॉडेल करायला सांगितलं, ते याच कसबामुळे. तेव्हा तो डब्लिनमध्ये, आयर्लंडमधल्या फौजेच्या सेनापतीच्या कचेरीत लष्करी सचिवाच्या हाताखाली होता. म्हणजे पुढची सगळी वर्षं हे काम नोकरी सांभाळून झालेलं आहे.

पहिली गोष्ट त्याने केली ती म्हणजे रणांगणावर जाऊन राहिला. तेही कुठे, तर ला ए सँत या फार्महाउसमध्ये. इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या रेषेच्या मधोमध, थोडं पुढे असलेली ही जागा. लढाईच्या दिवशी इंग्रजांकडून लढणाऱ्या जर्मनांच्या, किंग्ज जर्मन लीजनच्या तुकडीने ती दिवसभर झुंजवली आणि संध्याकाळी दारूगोळा संपल्यावर ती फ्रेंचांच्या हाती पडली. तिथे आठ महिने मुक्काम ठोकून सायबॉर्नने सबंध जमीन मोजली. आधी जमीन, मग माणसं, हा क्रम आजही बरोबरच आहे. फिगर्स आधी रंगवून ठेवायच्या आणि मग त्यांना बसेल असा बेस शोधायचा, ही आपल्याकडची नेहमीची खोड. त्यात चढ कुठे होता आणि आडोसा कुठे होता हे फिगर्सच्या सोयीने ठरतं.

पण जमिनीतच एक मेख होती. नेदरलँड्सच्या राजाने, आपला मुलगा जिथे जखमी झाला त्या जागी, एक प्रचंड मातीची टेकडी उभारून वर सिंहाचा पुतळा बसवला होता. हे काम १८२६ मध्ये पुरं झालं. टेकडीला लागलेली लाखो घनमीटर माती आणली कुठून? तर वेलिंग्टनच्याच रेषेची धार खरवडून. ज्या उंचवट्यामागे त्याने आपलं सैन्य दडवलं होतं तो उंचवटा सायबॉर्न पोचला तेव्हा ठिकठिकाणी खाली बसलेला होता. म्हणजे नव्या जमिनीवरून जुनी जमीन मनात उभी करायची, आणि तीही मोजमापाने.

पिकांचंही तेच. जूनचा महिना, राय हे गव्हासारखं पीक माणसाच्या छातीपर्यंत आणि कुठे कुठे डोक्यापर्यंत वाढलेलं. आदल्या रात्री धो धो पाऊस. सकाळी उभी असलेली शेतं संध्याकाळपर्यंत घोड्यांच्या टापांनी आणि तोफांच्या चाकांनी चिखलात लोळलेली. मॉडेलवर कुठलं शेत उभं दाखवायचं आणि कुठलं आडवं, हे जागा पाहून कळणार नव्हतं. ते तिथे लढलेल्या माणसांनाच विचारायला हवं होतं.

सातशे पत्रं

सायबॉर्नने लढाईतून जिवंत राहिलेल्या अधिकाऱ्यांना एक परिपत्रक पाठवलं. सोबत रणांगणाचा नकाशा. प्रश्न मोजके आणि नेमके होते. संध्याकाळी सातच्या सुमाराला, नेपोलियनची इम्पीरियल गार्ड, म्हणजे त्याची सगळ्यांत निवडक फौज, आपल्या रेषेच्या माथ्यावर येऊन भिडली त्या क्षणी, तुमची पलटण कुठे होती? कुठल्या रचनेत होती? तुमच्या समोर शत्रूची कुठली फौज, कशी उभी होती? हे नकाशावर काढून द्या. आणि हो, आसपासच्या शेतांत काय पीक होतं तेही लिहा.

उत्तरं आली. थोडीथोडकी नव्हे, सातशेच्या घरात. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सायबॉर्नच्या मुलाने १८९१ मध्ये त्यांतली निवडक पत्रं छापली. वॉटर्लूवर लिहिणारा प्रत्येक इतिहासकार आजही त्यांच्याकडे जातो. एका मॉडेलवाल्याने फिगर्स कुठे चिकटवायच्या हे ठरवण्यासाठी केलेला पत्रव्यवहार हा त्या लढाईचा सगळ्यांत मोठा दस्तऐवज होऊन बसला आहे. मॉडेलपायी एवढं मोठं काम उभं राहिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता या पत्रांकडे मॉडेल करणाऱ्याच्या नजरेने बघू या. बहुतेक पत्रं १८३०च्या दशकाच्या मध्यावर लिहिलेली, म्हणजे लढाईनंतर वीसेक वर्षांनी. १८१५ मध्ये प्रमाणवेळ नावाची गोष्ट नव्हती. ज्याच्या खिशात घड्याळ त्याची वेळ, आणि दोन घड्याळं जुळतील याची काही हमी नाही. त्यात दारूचा धूर असा की पन्नास पावलांपलीकडचं दिसेना. घोडदळाला तोंड द्यायला चौकोन करून उभ्या असलेल्या पलटणीतल्या अधिकाऱ्याला आपल्या चौकोनाची एक बाजू आणि समोरचे घोडेस्वार एवढंच जग होतं. त्याला ‘सात वाजता’ विचारलं की तो काय सांगणार? त्याच्या आठवणीतला सगळ्यांत मोठा प्रसंग सांगणार आणि तोच सातचा म्हणणार.

इम्पीरियल गार्डचा हल्ला कुणी मोडला, हा वाद याचा नमुना. फर्स्ट फूट गार्ड्‌सना लढाईनंतर ‘ग्रेनेडियर’ हा किताब मिळाला, कारण फ्रेंच ग्रेनेडियर्सना त्यांनी पळवलं असा समज झाला होता. ५२व्या पलटणीचे लोक म्हणत, आमच्या कर्नल कोलबोर्नने पलटण वळवून फ्रेंच स्तंभाच्या (एकामागे एक रांगा लावून चालणाऱ्या फौजेच्या) बगलेत गोळ्या घातल्या म्हणून तो हल्ला फुटला. वेलिंग्टनच्या अहवालात ५२व्या पलटणीचं नाव नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मनात सल राहिला तो कायमचा. लिहिणाऱ्याला दोन्ही बाजू एका परिच्छेदात सांगता येतात. डायोरामा करणाऱ्याला ही सोय नाही. फिगर चिकटवली की चिकटली. ५२वी पलटण वळलेली दाखवायची की अजून सरळ, स्तंभ फुटलेला दाखवायचा की पुढे येणारा, हे काही सेकंदांचे फरक आहेत आणि गोंदाला मधली स्थिती कळत नाही.

खुद्द वेलिंग्टनला हे फार आधी कळलं होतं. लढाईनंतर दोन महिन्यांच्या आत, ८ ऑगस्ट १८१५ला क्रोकर यांना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलंय की लढाईचा इतिहास हा एखाद्या नाचाच्या मेजवानीच्या इतिहासासारखा असतो. छोटे छोटे प्रसंग लोकांच्या लक्षात राहतात, पण ते कुठल्या क्रमाने आणि कुठल्या घटकेला घडले हे कुणालाच सांगता येत नाही. सायबॉर्नचं सगळं परिपत्रक नेमक्या त्या घटकेवर उभं होतं.

सकाळी साडेअकराची, लढाई सुरू होतानाची वेळ घेतली असती तर? सैन्यं आखून दिलेल्या जागी उभी, हुकूम कागदावर, धूर नाही, पिकं बरीचशी उभी. कुठली पलटण कुठे यावर फार तर दोन-चार जण हुज्जत घालते. मॉडेल म्हणून ते कदाचित कंटाळवाणं झालं असतं, हे मान्य. कवायतीच्या मैदानासारखं. सायबॉर्नला शिखर हवं होतं. आपल्यालाही तेच हवं असतं, म्हणून त्याला दोष द्यायला जीभ रेटत नाही.

तीन मिलिमीटरचा माणूस

मॉडेलचं प्रमाण एका मैलाला नऊ फूट. मैल ५,२८० फुटांचा, म्हणजे जमीन साधारण १:५८७ या स्केलने. १८ फूट ७ इंच बाय १९ फूट ८ इंचांत रणांगणाचा सुमारे साडेतीन किलोमीटर चौरसाचा तुकडा बसतो. इथवर ठीक. पण या स्केलने पावणेसहा फुटी माणूस तीन मिलिमीटरचा होतो. तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढ्या शिपायाला बंदूक, टोपी, गणवेशाचा रंग द्यायचा कसा? आणि दिला तरी सहा मीटरच्या मॉडेलच्या मध्यावर तो काठावरून पावणेतीन मीटर लांब. म्हणून सायबॉर्नने फिगर्स १० मिलिमीटरच्या घेतल्या, जमिनीपेक्षा तिपटीहून मोठ्या.

हे काही पाप नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मावळा मोठा आणि दरवाजापेक्षा सिंहासनावरचे महाराज मोठे असतात, अळिवाची उगवलेली रोपं तर त्यांच्या खांद्याला लागतात, आणि कुणाच्या डोळ्यांना ते खटकत नाही. पण किल्ल्यावर दहा-पंधरा मावळे असतात. सायबॉर्नला तीन सैन्यं मांडायची होती.

हिशेब करून बघा. पाचशे शिपायांची पलटण चार रांगांत उभी केली तर एका रांगेत १२५ माणसं. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला अर्ध्या मीटरहून थोडी जास्त जागा, म्हणजे समोरची रुंदी सत्तरेक मीटर. मॉडेलवर ती होते १२ सेंटीमीटर. १० मिलिमीटर उंच फिगर साडेतीन मिलिमीटर रुंद धरली तरी एका रांगेत पस्तीसेक बसतात, चार रांगांत एकशे चाळीस. माणसं होती पाचशे. सायबॉर्नने एक फिगर बरोबर दोन माणसं असं प्रमाण धरलं, म्हणजे अडीचशे फिगर्स लागणार. तेवढ्या त्या पट्टीत मावत नाहीत. मग रांगा वाढतात, पलटणी फुगतात, दोन पलटणींमधली मोकळी जागा आक्रसते.

वेलिंग्टनचं सैन्य ६८ हजारांच्या आसपास, नेपोलियनचं ७२-७३ हजार, आणि वेलिंग्टनच्या मदतीला संध्याकाळपर्यंत येऊन भिडलेले प्रशियन (प्रशिया या जर्मन राज्याचे शिपाई) ५० हजारांच्या आतबाहेर. हे सगळे निम्म्या संख्येने का होईना, तिप्पट आकाराने त्या जमिनीवर उतरवले की रणांगण ओसंडून वाहणारच. जिथे प्रत्यक्षात राखीव फौज मागे लपून बसली होती तिथेही मॉडेलवर गर्दी दिसते. उंचवट्याचंही असंच. वेलिंग्टनचं सगळं डावपेचाचं मर्म उंचवट्याच्या पलीकडल्या उतारावर सैन्य झाकून ठेवण्यात होतं. वीस मीटरचा चढ खऱ्या प्रमाणात साडेतीन सेंटीमीटरचा होतो. त्यामागे एक सेंटीमीटरचे शिपाई. आणि आपण बघणार वरून. वरून बघणाऱ्याला काय झाकलेलं राहणार? फ्रेंचांना जे दिसलं नाही ते प्रदर्शनाला आलेल्या पोरासोरांनाही दिसतं.

यावरचा उपाय आज कुठलाही चांगला डायोरामा करणारा सांगेल: बघणाऱ्याची नजर खाली आणा. बेस डोळ्यांच्या पातळीवर ठेवा, मागे पडदा लावा, एकाच बाजूने बघू द्या. साडेतीनशेहून जास्त चौरस फुटांच्या मॉडेलला यातलं काही करता येत नाही. आकार हीच त्याची जाहिरात आणि तोच त्याचा अडसर.

ड्यूकची हरकत

१८३८च्या ऑक्टोबरात लंडनच्या पिकॅडिलीतल्या इजिप्शियन हॉलमध्ये मॉडेल मांडलं गेलं. एक शिलिंग तिकीट. लाखभर लोकांनी ते पाहिलं. वेलिंग्टन फिरकला नाही.

मॉडेलवर लोकांना दिसत होतं ते असं: समोर वेलिंग्टनची रेषा आणि तिच्यावर चाललेली इम्पीरियल गार्ड, आणि नेपोलियनच्या उजव्या अंगाला, प्लॅन्सन्वा गावाच्या बाजूने, प्रशियनांची लाटच्या लाट. सायबॉर्नने बर्लिनच्या लष्करी मंडळींकडूनही माहिती मागवली होती आणि तिच्याप्रमाणे त्यांना जागा दिली होती. सात वाजता प्रशियन इतके पुढे आणि इतके जास्त असतील, तर जिंकलं कोण हा प्रश्न मॉडेल बघणारा विचारणारच.

या संबंधातला पत्रव्यवहार सरसेनापतींचा लष्करी सचिव लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट सांभाळत होता. वॉटर्लूलाच याचा उजवा हात गेला होता आणि नंतर तो डाव्या हाताने लिहायला शिकला. त्याची काळजी सरळ होती: बघणाऱ्यांचा असा ग्रह होईल की विजयाचं श्रेय इंग्रज सैन्याच्या शौर्याला आणि सेनापतीच्या कर्तबगारीला कमी, प्रशियनांनी बगलेवर मारलेल्या धडकेला जास्त. गंमत अशी की लढाईच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जूनला लिहिलेल्या अहवालात वेलिंग्टनने स्वतः प्रशियनांचा सेनापती ब्ल्यूखर आणि त्याच्या सैन्याच्या वेळेवर आलेल्या मदतीला विजयाचं श्रेय मोकळेपणाने दिलं होतं. वीस वर्षांत ते श्रेय अंगावर यायला लागलं होतं.

तेवढ्यावरून ड्यूकला खलनायक ठरवून मोकळं व्हायला आवडतं लोकांना. अलीकडच्या इतिहासकारांत यावरून चांगलीच जुंपली आहे. पण १८४० मध्ये लिहिलेल्या एका पत्रात वेलिंग्टनने जी हरकत घेतली, ती मॉडेल करणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावी इतकी नेमकी आहे. त्याचं म्हणणं असं: चित्र असो की मॉडेल, ते लढाईचा एकच क्षण दाखवू शकतं. या मॉडेलने सगळी लढाई दाखवायचा घाट घातलाय, आणि प्रत्येक फौज, प्रत्येक माणूस त्याने स्वतः निवडलेल्या जागी उभा आहे. बघणाऱ्याला वाटेल की घोडदळ सोडलं तर कुठलीही राखीव फौज न ठेवता सगळी सैन्यं एकाच वेळी भिडलेली होती. हे त्या दिवसाच्या कुठल्याही क्षणाबद्दल खरं नाही. मी बघायला गेलो तर त्याला माझी मान्यता आहे असं होईल, म्हणून गेलो नाही.

‘स्वतः निवडलेल्या जागी’ म्हणताना त्याचा रोख सातशे पत्रांवर आहे. आणि राखीव फौज दिसत नाही, ही तक्रार माझ्या मते निम्मी तरी १० मिलिमीटरच्या फिगर्सची आहे. ड्यूकला स्वतःची कीर्ती जपायची होती हेही खरं, आणि त्याची तांत्रिक हरकत बिनतोड होती हेही खरं. दोन्ही एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात.

प्रशियनांची अडचण तर घड्याळाचीच होती. ब्यूलो या प्रशियन सेनानीच्या फौजेने प्लॅन्सन्वावर दुपारी उशिरा हल्ला सुरू केला. गाव कधी यांच्या ताब्यात, कधी त्यांच्या. नेपोलियनने यंग गार्ड पाठवली, मग ओल्ड गार्डच्या पलटणी पाठवल्या, त्यांनी प्रशियनांना बाहेर काढलं. काळोख पडता पडता प्रशियनांनी गाव पुन्हा घेतलं. दुसऱ्या बाजूला, वेलिंग्टनच्या डाव्या टोकाशी, त्सीटन या दुसऱ्या प्रशियन सेनानीच्या फौजेची आघाडी सातच्या आगेमागे येऊन पोचत होती. पावणेसातला मांडा, साडेसातला मांडा, हजारो फिगर्स इकडच्या तिकडे होतात. दोन्ही मांडण्यांवर ‘सातच्या सुमाराला’ ही पाटी चालते. सायबॉर्नने प्रशियनांना पुढे नेलं. नंतर दबाव वाढत गेला, सरकारने मॉडेल विकत घ्यावं ही आशाही होतीच, आणि अखेर त्याने आपण त्यांना फार पुढे ठेवल्याचं मान्य केलं. सुमारे ४० हजार प्रशियन सैनिकांच्या जागी असलेल्या फिगर्स मॉडेलवरून उचलल्या गेल्या.

इतिहासाच्या बाजूने यावर काय म्हणायचं ते म्हणा. कारागिराच्या बाजूने हा सगळ्यांत वाईट तोडगा होता. वेळ तीच ठेवली, वेलिंग्टनच्या रेषेवरची दाटी तशीच ठेवली आणि एका सैन्याचा मोठा भाग काढला. मूळ मांडणी एका बाजूने चूक होती असं धरलं, तर आता ती दुसऱ्या बाजूने चूक झाली. इतकं करून सरकारने मॉडेल घेतलं नाहीच.

शिलिंगांचा हिशेब

काम सुरू झालं तेव्हा वेलिंग्टनच पंतप्रधान होता. वर्ष संपायच्या आत सरकार बदललं आणि १८३३ मध्ये विरोधी व्हिग पक्षाच्या नव्या सरकारने पैसे देणं बंद केलं. तोवर मिळाले होते चारशेच्या आत पौंड. एकूण खर्च गेला तीन हजारांवर. सायबॉर्नने कर्ज काढलं, अधिकाऱ्यांकडून वर्गणी गोळा केली. ज्यांच्या पलटणी कुठे मांडायच्या हे ठरवायचं त्यांच्याकडेच वर्गणी मागितल्यावर लोक काय बोलणार हे सांगायला नको, आणि ते बोललेही. लाखभर लोकांचे लाखभर शिलिंग म्हणजे पाच हजार पौंड होतात, पण सायबॉर्नच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. पुढे चेल्सीच्याच रॉयल मिलिटरी असायलममध्ये त्याला नोकरी मिळाली. १८४९च्या जानेवारीत तो वारला. मॉडेल त्याच्या मृत्यूनंतर वर्गणीतून युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनसाठी घेतलं गेलं.

दुसरं मॉडेल

या प्रकरणातला माझा आवडता भाग लोकांना फारसा ठाऊक नसतो. एवढे चटके बसल्यावरही सायबॉर्नने १८४०च्या दशकात दुसरं मॉडेल केलं. या वेळी मैलाला १५ फूट, म्हणजे १:३५२. सगळं रणांगण नाही, ला ए सँतच्या आसपासचा तुकडा. वेळ दुपारची: वेलिंग्टनच्या घोडदळाचा प्रमुख अक्सब्रिज याच्या इंग्रज जड घोडदळाने उतारावरून खाली झेप घेऊन फ्रेंच पायदळ आणि घोडदळ उधळलं, तो हल्ला. आज हे मॉडेल लीड्‌सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे.

इथे सगळं जमलंय. जागा लहान, म्हणून स्केल मोठं. स्केल मोठं, म्हणून फिगर्सना हातपाय आणि हत्यारं नीट. घटना एक, तिची दिशा एक: उतारावरून खाली. आधी काय झालं आणि पुढे काय होणार, हे घोड्यांच्या माना बघूनच कळतं. कोण कुठे होतं यावर भांडायला जागाही कमी, कारण हल्ला कुठून कुठे गेला यावर दोन्ही बाजूंचं बऱ्यापैकी एकमत. पहिल्या मॉडेलवर ड्यूकने घेतलेल्या हरकतीला याहून चांगलं उत्तर काय असणार? एक क्षण मागितला होता, त्याने एक क्षण दिला. अशी आणखी मॉडेलं करायचा त्याचा बेत होता; पैसा आणि आयुष्य दोन्ही पुरलं नाही.

असई मांडायची तर

वेलिंग्टन हा आपल्याला परका नाही. ऑर्थर वेलस्ली म्हणून त्याने १८०३च्या ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ घातली. म्हातारपणी त्याला विचारलं की तुमची सगळ्यांत चांगली लढाई कुठली, तर वॉटर्लू न म्हणता तो असई म्हणाला, असं सांगतात. इंग्रजांकडचे मेले-जखमी दीड हजारांवर गेले होते.

असईचा डायोरामा करायची हौस आपल्याकडे बऱ्याच जणांना असते, आणि बहुतेकांना सबंध लढाई हवी असते: केळणा आणि जुई या दोन नद्या, मधला दुआब, शिंद्यांच्या पदरचा जर्मन सेनानी पोलमन याच्या कवायती पलटणींनी तोंड फिरवून धरलेली नवी रेषा, शंभराच्या घरातल्या तोफा. सायबॉर्नचं पहिलं मॉडेल समजून घेतलं असेल तर हा मोह आवरावा. शिंद्यांच्या गोलंदाजांना परिपत्रक पाठवून ‘तुम्ही कुठे होतात’ असं विचारणारा कुणी निघाला नाही. आपल्या हाती आहेत त्या मुख्यतः इंग्रजांच्या पत्रांतल्या आणि आठवणींतल्या जागा, म्हणजे एकाच बाजूने निवडलेल्या.

पण त्याच इंग्रजी लिखाणात एक प्रसंग वारंवार येतो. इंग्रज पलटणी तोफांच्या रांगेवर तुटून पडल्या, गोलंदाजांना संगिनींनी लोळवलं असं समजून पुढे गेल्या. मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडलेले गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्यांच्या पाठीत छऱ्यांचा मारा सुरू केला. वेलस्लीला मागे फिरून त्याच तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. शत्रूने स्वतःहून लिहून ठेवलेली ही गोष्ट आहे, त्यामुळे तिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

१:७२ या स्केलमध्ये एक तोफ, दहा-बारा फिगर्स, फुटाच्या आतला बेस पुरे. जमीन पावसाळ्याच्या शेवटाची: काळी माती, वर हिरवं गवत, तोफेभोवती तुडवलेलं. अंबर (मातकट तपकिरी) किंवा तपकिरी रंगाचा वॉश, म्हणजे पातळ हात, इथे चालणार नाही. मराठवाड्याची ओली माती काळ्यात किंचित निळसर करडा मिसळल्याशिवाय दिसत नाही. दोन फिगर्स अजून जमिनीवरच ठेवाव्यात, एक कोपरावर उठत असलेली, म्हणजे सोंग घेतलेले कोण आणि खरे मेलेले कोण हा प्रश्न बघणाऱ्याला पडेल. इंग्रज शिपाई बेसवर एकही नको. ते पुढे निघून गेलेत आणि तोफेचं तोंड ते गेले त्या बाजूला वळवलेलं हवं. बेस कापायच्या आधी हे ठरवावं लागतं, कारण तोफ गरकन फिरवताना चाकांनी ओल्या मातीत काढलेलं अर्धवर्तुळ पीओपी ओलं असतानाच उमटवावं लागतं, आणि त्या अर्धवर्तुळाला जागा पुरेल एवढा बेस मागच्या बाजूला सोडावा लागतो.